गल्लीचा शंभर टक्के पाठिंबा

वडगाव, बेळगाव
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप बायाक्कास,

वडगावहून धाकटा भाऊ महादेव याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (ठेवलेलं डोकं लगेच उचलत न्हाय. पत्र वाचून झाल्यावर तू काठी शोधशील, तोवर ते पायावरच असलेलं बरं.) इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला कमी आहे का? निपाणीच्या माणसानं तंबाखू विकावी, ओढू नये, असं त्यांना माझ्या नावानं सांग. तुझ्या नावानं सांगितलेलं ते ऐकत न्हाईत, हे मला ठाऊक आहे.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अगं, फोनवर तू बोलतीस आणि मी व्हय व्हय म्हणतो. गेल्या चाळीस वर्सांत मी तुझ्याशी फोनवर एक वाक्य पुरं केलेलं न्हाय. पत्रात तुला मधे बोलता येत न्हाय, म्हणून हा उद्योग.

तर, तू आणलेलं नागेंद्रचं स्थळ. पोरगा बँकेत, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाय, घर दोन मजली, सासू गोड बोलणारी, सगळं मान्य. रविवारपर्यंत कळव, न्हाईतर जन्मात तोंड बघणार न्हाय, असं तू बजावलंस, तेही ऐकलं. तू व्हय म्हणतीस, आमची पोरगी रूपाली न्हाय म्हणतीय आणि तुला न्हाय म्हणायची माझी छाती झालेली न्हाय. आई गेल्यापासून मला रागवायला तू एकटीच उरलीस, तुझ्याशी बोलणं तुटलं तर मी कुणाचं ऐकू? उत्तर ह्याच पत्रात आहे. पण त्याआधी आमच्या विणकरांच्या गल्लीची जी अब्रू गेली (का आली, ते अजून ठरलेलं न्हाय), ती गोष्ट ऐक.

तुला ठाऊकच आहे, आमच्याकडं कागद येतो तो कन्नडात. लाईटबिल कन्नडात, घरपट्टी कन्नडात, परवा डासांच्या औषधाचं पत्रक आलं तेही कन्नडात. वाचता येत न्हाय असं न्हाय, झकास येतंय. पण मराठीत कागद मागणं हा आपला हक्क, म्हणून आम्ही तो तोंडानं घडाघडा वाचतो आणि कळला न्हाय म्हणून परत करतो. (आमचा पंच सुबराव डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा परत करतो. ती कुठल्या भाषेत असते ते औषध दुकानवाल्यालाही सांगता आलेलं न्हाय.)

अशा गल्लीत ह्या महिन्याच्या सुरुवातीला कंग्राळीची आरोही नावाची पोरगी आली. कॉलेजात शिकते, मास्तरांनी लोकांची मतं गोळा करायला धाडलेली. हातात पॅड, पॅडला ही एवढी लोखंडी क्लिप, क्लिपेत कागदांचा गठ्ठा. सगळ्यात वरची ओळ क्लिपेखाली दडलेली. तिच्याखाली छापलेलं, की सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेवर सोपवला आहे, संसदेने आता कायदा करावा असे आपणास वाटते का? आणि आक्का, हे सगळं मराठीत! काना-मात्रा-वेलांटीसकट!

सत्तर वर्सं जी गल्ली सीमाप्रश्नाच्या निकालाकडं डोळे लावून बसलीय, तिच्यासमोर असा कागद आल्यावर काय होणार? कुणीतरी ओरडलं, "आपला प्रश्न संसदेत गेला रं!" झालं. एकेक करून माग बंद पडले. ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हासुद्धा एवढी शांतता झाली नव्हती. बायका कांड्या भरायच्या सोडून दारात आल्या. सुबरावानं एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला बांधलेली काळी फीत अजून सोडली नव्हती, ती दंडावरनं सोडून खिशात घातली, डोळे पुसले आणि पेढे आणायला सांगितलं.

ती पोरगी बिचारी समजावून सांगायला बघत होती. पण सुबराव कुणाला बोलू देतोय? म्हणाला, पोरी, आम्हाला हा विषय सांगू नको, आम्ही ह्या विषयातच जन्मलो. तिनं भीतभीत विचारलं, तुमच्या घरात ह्या प्रश्नाशी संबंध असलेलं कुणी आहे का? सुबराव म्हणाला, लिही, आज्ज्यापासनं सगळे. तिनं डोळे मोठे केले. ह्याबद्दल कधी त्रास झाला का, असा पुढचा प्रश्न. तर म्हणाला, त्रास? बापानं लाठ्या खाल्ल्या, चुलता तुरुंगात गेलता, तरी माघार घेतली न्हाय! पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी पुढारलेली म्हातारी माणसं तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती. एकशे सात घरं, एकशे सात 'होय'. वर आणि कागद संपले म्हणून दोघं-तिघं तिच्यावर रुसले. पेढा तिलाही दिला.

पाचव्या दिवशी पेपरात आलं. सुबराव चहाच्या टपरीवर नेहमीसारखा मोठ्यानं वाचत होता: "वडगावातील एका गल्लीचा समलिंगी विवाहाला शंभर टक्के पाठिंबा." त्यानं पेपर टपरीवाल्याकडं सरकवला. टपरीवाल्यानं पुढचं वाचलं, ते तर त्याहून भारी. ह्या गल्लीत अनेक कुटुंबांत ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यासाठी वडीलधाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या व तुरुंगवास भोगला, पंच श्री. सुबराव यांनी आनंदाश्रू ढाळत पेढे वाटले!

मग काय विचारतीस! सुबरावाच्या सासुरवाडीहून फोन, की जावईबापू, तुमच्या आज्ज्याचं नक्की काय होतं? शेजारच्या शहापूरचे लोक बाजारात आडवं धरून विचारू लागले, तुमच्याकडं सोयरीक करायची तर पोरगा दाखवायचा का पोरगी? बेंगळूरच्या कुठल्याशा मंडळींनी सात रंगांचा केक पाठवला, वर सुबरावाचं नाव. सुबरावानं तो हातात घेतला न्हाय. पण अन्नावर राग काढू नये म्हणून आयाबायांनी कापला आणि भावकू पेंटरनं घरी जाताना जांभळा तुकडा मागून घेतला.

शेवटी शनिवारी मारुतीच्या देवळात बैठक बसली. विषय एकच, पाठिंबा मागं घ्यायचा. सगळेच बोलले आणि सगळे एकदम बोलले. एक म्हणाला, हे शहरातल्या लोकांचं खूळ. दुसरा म्हणाला, जनावरांत सुद्धा असतंय, मी बघितलंय. तिसरा म्हणाला, तू जनावरांत कशाला बघत बसलास? रवळू तर उठून उभाच राहिला. म्हणाला, आपल्या संस्कृतीत लग्न म्हणजे बाई आणि बाप्या, जन्माची गाठ. त्यावर गुणाबाईनं (ती कोपऱ्यातली, पंचाहत्तरीची, दोन माग अजून एकटी चालवते) त्याला विचारलं, "रवळू, तुझं लग्न बँड लावून झालतं न्हवं? बायको पंधरा वर्सं माहेरी हाय. ती गाठ कुठं ठेवलीयास बाबा, ट्रंकेत?" रवळू खाली बसला तो बैठक संपेतोवर.

गुणाबाई सुटलीच मग. म्हणाली, "कोर्ट आपल्याला सत्तर वर्सं बसा म्हणतंय. म्हणून आपण मराठी बोलायचं थांबलो व्हय रं? सांजंला भाकरी मागताना कुठल्या भाषेत मागतोस सुबराव? मग त्यांना कोर्ट न्हाय म्हणालं, तर ती दोघं एका घरात ऱ्हायची थांबणार हाईत व्हय? ऱ्हातील की. वाट बघण्याचं दुखणं आपल्याएवढं कुणाला ठावं? आपणच त्यांच्या वाटेत आडवं पडायचं?" मारुतीला तेल घालायला आलेली माणसंसुद्धा पळी हातात धरून उभी.

तरी ठराव लिहायचाच म्हणून सुबरावानं वही उघडली. 'पाठिंबा' लिहिलं, पुढं 'मागे' लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. म्हणाला, लेको, ह्या वहीत माझ्या बापापासनं ठराव आहेत, कुठंच हा शब्द न्हाय. आज एकदा लिहिला तर उद्या कुणी पण म्हणेल, वडगाववाले माघार घेतात. लई काथ्याकूट झाला. मग एकमतानं ठरलं ते असं: गल्लीचा पाठिंबा कायम आहे. मात्र कशाला, ते वहीत लिहू नये. टाळ्या झाल्या, चहा झाला आणि रवळूनं त्या दिवशी पहिल्यांदा बायकोला फोन लावला. तिनं उचलला न्हाय, ती गोष्ट वेगळी.

असं झालं सगळं. आता नागेंद्रच्या स्थळाचं लिहायचं, तर कागद संपत आला बघ. दाजींना नमस्कार, घरातल्यांना आशीर्वाद. माझ्यावर तुझा लोभ आहे तो वाढवू नकोस, पत्र वाचून होईपर्यंत आहे तेवढा टिकव.

तुझा,
महादेव

ता. क. नवा कागद घेतला. नागेंद्रला न्हाय कळव. पोरात काही खोट न्हाय, त्याला चांगली बायको मिळो, लग्नाची साडी माझ्या मागावरची देईन. हे एवढंच लिहायला मला वरची सगळी पानं लागली.

आणखी एक ता. क. तू विचारणार, का? तर गणपतीत रूपालीनं मला मागच्या खोलीत बसवून सांगितलं. तिची मैत्रीण स्वरूपा, जांबोटीची, नर्स आहे, तुला कोकमाचं सार करून घातलं होतं ती. दोघींना जन्मभर बरोबर राहायचंय. मैत्रिणी म्हणून न्हवं आक्का, संसार म्हणून. आठ दिवसांत मी चार साड्यांचे काठ उलटे विणले. रूपालीची आई मात्र दुसऱ्याच दिवशी स्वरूपाला विचारत होती, तुला तिखट चालतंय का गं.

आणि म्हणून आणखी एक, हे कुणाला सांगू नकोस, सुबरावाला तर मुळीच न्हाय. आरोही पहिल्यांदा माझ्याच दारात आलती. पॅड हातात घेतल्यावर मी क्लिप उचलून वरची ओळ वाचली होती. एकट्यानं 'होय' लिहायला हात धजेना. इतक्या घरांत माझं एकच घर उठून दिसेल अशी भीती वाटली. म्हणून गल्लीत जाऊन ओरडलो, की आपला प्रश्न संसदेत गेला. ओरडणारा मीच गं. लोकांना फसवलं, ह्याची लाज वाटते. पण पेपर आला त्या सकाळी रूपाली तो आकडा बघून आधी पोट धरून हसली, मग आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, आप्पा, खरंच एकशे सात? मी व्हय म्हणालो.

शेवटचं, आणि खरं तर एवढ्यासाठीच पत्र. दोघींनी हिंदवाडीत घर भाड्यानं घेतलंय. येत्या गुरुवारी सकाळी दूध उतू घालवायचं. भटजी न्हाय, मांडव न्हाय, घरचीच माणसं. दोघींच्या ओट्या भरायला आमच्याकडनं थोरली बाई तू. रूपाली म्हणतीय, आत्याला सांगू नका, तिला सोसायचं न्हाय. मी म्हटलं, अगं, तू झालीस तेव्हा दवाखान्यात तुला आईच्याही आधी आत्यानं छातीशी धरलं होतं, तिला सांगितलं न्हाय तर सोसायचं न्हाय. मी बरोबर बोललो का चूक, ते गुरुवारी कळेल. निपाणीहून पहिली गाडी सहाला सुटते. साड्या मी विणल्यात. खण तेवढे तू आण, दोन.