तीन नंबरचं ग्रीस

मलकापूर, ३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही पेटीत जपून ठेवता, म्हणून हे पत्र.

आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या सगळ्या मशीनच्या बेअरिंगला मी तापमानाचे सेन्सर बसवले. ऐंशी अंशांवर तापलं की मशीन आपोआप बंद. तुमची तीन नंबरची मशीन रोज दुपारी थांबते. तुमच्या जोडीच्या गोपालकाकांनी बेअरिंगला पेचकस टेकवून कानाशी धरला आणि म्हणाले, आवाज तं काहीच नाही, तुयं कॉम्प्युटरच येडं हाय. मॅनेजर म्हणतात, ऐन हंगामात खोळंबा नको, मर्यादा एकशेदहा कर. नाहीतर दहा तारखेला राजीनाम्यावर सही कर.

मी नाही म्हटलं. तिथे छायाकाकू दिवसभर कापूस सारतात. बेअरिंग तापून कापसात ठिणगी पडली तर त्या कुठे पळतील? नोकरीची भीती वाटते, बाबा, पण आकडा बदलणार नाही.

तुमची वंदना

अमडापूर, ६ नोव्हेंबर

चि. वंदनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बिलकुल बदलू नको. गोपालचा कानही खोटा नाही. ग्रीस जास्त झालं की बेअरिंगचा आवाज दबतो आणि ते आतून तापतं.

दसऱ्याच्या पूजेला प्रत्येक जण आपल्या मशीनला ग्रीसचा एक पंप देतो, तुला ठाऊक आहे. यंदा मी निवृत्त, म्हणून बावीस जणांनी माझ्या नावाने तीन नंबरलाच पंप दिला. गोपाल पूजेचा प्रसाद घेऊन घरी आला तेव्हा डोळे पुसत सांगत होता. मीही विरघळलो. मी स्वतः फिटर असून त्याला रागावलो नाही, ही चूक माझी.

बेअरिंगचं झाकण उघड. आणि कुणापुढे मान खाली घालू नको.

तुझा बाबा, इंद्रभान

मलकापूर, ११ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल मॅनेजरांनी राजीनाम्याचा कागद पुढे केला. मी आधी मशीन बंद केली, गोपालकाकांना झाकण उघडायला लावलं आणि दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून ग्रीस काढलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

मॅनेजर खूश! म्हणाले, बिघाड सापडला ना, मग आता सगळ्याच मशीनची मर्यादा वाढव. माझं डोकंच फिरलं. कागद ओढला, सहीच्या जागी ग्रीसने माखलेला पंजा उमटवला आणि त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात छायाकाकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, साहेब, एक कागद मलेही द्या. त्यांच्यामागे बाकीच्या बाया हात पुढे करून उभ्या राहिल्या. मॅनेजरांकडे तेवढे कागद नव्हते.

आज मी कामावरच होते; दुपारी तीन नंबर अठ्ठावन्न अंशांवर होती. मर्यादा ऐंशीच आहे.

सगळ्यांची तुमच्यावर माया आहेच, ती राहू द्या. कानाचं यंत्र मात्र लावा.

तुमची वंदना