अठ्ठेचाळीस किलो ते अमर्याद

३ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०
या दोन हातांनी केलेल्या वस्तू: बॉक्सिंग क्लबचा उभं राहून वजन करायचा काटा, दांडीपासून सरकत्या वजनापर्यंत सगळा घरी घडवलेला. राउंडची घंटा. रिंगच्या चार कोपऱ्यांचे स्टूल, पैकी तीन डगमगत नाहीत. ग्लव्ह्ज वाळवायची मांडणी. आमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ (भिंत वाकडी आहे). यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.
क्लबला येत्या २२ला पन्नास वर्षं होतायत. सेक्रेटरींना भिंतीवर बोर्ड हवाय: क्लबचे सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सर, पहिला कोण ते ठरवून. वेगवेगळ्या वजनगटांतली माणसं एका ओळीत कशी लावायची, कोणालाच कळेना. मी म्हणालो, वजन हा माझा विषय आहे, आठ दिवसांत देतो. पाठ दुखतेय. तरी देतो.

५ मार्च, गुरुवार
सूत्र तयार. नऊ पानं. जिंकलेल्या लढती, समोरच्याची ताकद, किती वर्षं टिकला, यांचे गुण. त्यांना वजनाने भागायचं. किलोमागे माणसाने काय केलं ते कळतं. इतकं साधं आजवर कोणाला सुचलं नाही.
शर्यत दोघांतच. एक दादा, माझा सख्खा थोरला भाऊ. सर्वांत वरचा गट, जिथे वजनाला मर्यादाच नसते. सदुसष्ट गुण, चौऱ्याण्णव किलो: ०.७१३. दुसरा टाचणी, अठ्ठेचाळीस किलोच्या गटातला, आता शिंपी. चौतीस गुण, ४७.९ किलो: ०.७१०.
टाचणीचे दहा गुण मी आधीच कापलेत, म्हणून चौतीस. बावीस वर्षांपूर्वी मोठ्या स्पर्धेच्या फायनलला बाहेरगावी गेला आणि तिथल्या काट्यावर ४८.६ भरला. न खेळताच बाद. आदल्या संध्याकाळी माझ्या काट्यावर ४७.९ होता. म्हणजे रात्री खाल्लं. तो नाही नाही म्हणत राहिला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझा काटा खोटं बोलत नाही. त्यानंतर त्याने ग्लव्ह्ज घातले नाहीत.
बेशिस्त: वजा दहा. सूत्राला भावना नसतात.

८ मार्च, रविवार
दादा येऊन गेला. आपण पहिले आहोत हे त्याने गृहीतच धरलं होतं; अक्षरं केवढी असतील एवढंच विचारत होता. टाचणीचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, तो माझ्यासमोर उभा राहिला असता तर त्याला शोधण्यातच दोन राउंड गेले असते. मग कागद हातात घेतला आणि हसणं थांबलं. "बारक्या, तीन सहस्रांश? दोघांच्या मध्ये कागदसुद्धा जात नाही. लोकांना दिसेल असा फरक काढ."
फरक काढण्यासाठी वजनं आणखी अचूक हवीत. काटा तपासून घेतो. अर्थात तो बरोबरच आहे. रोज सकाळी रिकामा शून्यावर येतो.

१० मार्च, मंगळवार. दुपार
हार्डवेअरवाल्याकडून शिक्क्याची वजनं आणली, वीसवीस किलोची दोन. क्लबात काट्यावर ठेवली. चाळीस किलो.
काटा म्हणाला ३९.४२.
फरशी उतरती आहे. क्लबच्या बांधकामाबद्दल मी पूर्वीच बोललो होतो.

११ मार्च, बुधवार
फरशी समपातळीत आहे. हवा दमट असावी.
सरकत्या वजनावर माझ्या नावाची पितळी पट्टी आहे. दोन स्क्रू. ती काढून पाहिली. ४०.०० नेमके. परत लावली. ३९.४२. असं चार वेळा केलं. पट्टी स्क्रूंसकट सात ग्राम तीनशे मिलिग्राम. सरकतं वजन पाचशे ग्रामचं. ते जड झालं की काटा माणसाला हलकं दाखवतो, आणि माणूस जितका जड तितका जास्त.
पट्टी कधी लावली ते जुन्या वहीत सापडलं. टाचणीच्या फायनलच्या महिनाभर आधी. तिथे लिहिलंय: आज काट्याला शोभा आली.
निष्कर्षाची घाई करू नये. एक मात्र नोंदवतो. क्लबची पोरं तेव्हापासून एक किलो हातचा ठेवून स्पर्धेला जायला शिकली. ही शिस्त त्यांना काट्याने लावली.

१३ मार्च, शुक्रवार
दुरुस्त वजनांनी पुन्हा गणित. दादा ०.७०३, टाचणी ०.७००. म्हणजे फारसं बिघडलेलं नाही.
तरी वजा दहा जरा कडक वाटले. वजा पाच केले, कारण: 'मानवी चूक'. कोणाची ते लिहायला रकाना नाही. दुपारी शून्य केले. टाचणी ०.९०५. संध्याकाळी 'सहनशीलता' या नव्या सदराखाली अधिक पंधरा दिले. आता तो पहिला, आणि त्याच्या जवळपास कोणी नाही. छातीवरचं ओझं उतरलं.
हिला दाखवलं. ही डाळ निवडत होती. म्हणाली, आकडे कसले बदलताय, त्याला जाऊन सांगा. हिला गणितातलं कळत नाही.

१५ मार्च, रविवार
गेलो. पट्टी खिशात घेऊन. सांगायचं ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती.
टाचणी मशीनवर बसला होता. केस गेलेत, वजन मात्र बावन्नच्या वर नसेल. मी म्हणालो, बोर्डावर पहिला नंबर तुझा. त्याने शिवण संपवली, दोरा दाताने तोडला.
"मिस्त्री, नंबर दादांना द्या. माझ्या नावापुढे एवढंच लिहा, की त्या रात्री यानं खाल्लं नव्हतं."
मी खिशातली पट्टी चाचपली. मग तोच म्हणाला, की आता त्याची त्यालाच खात्री वाटत नाही. बायको म्हणते झोपेत उठून खाल्लं असशील. इतकी वर्षं तो स्वयंपाकघराला कडी लावून झोपतो.
या क्षणी सांगायला हवं होतं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. (ते नंतर गेलं.) शर्टाचं माप देऊन परत आलो. शर्टाची गरज नव्हती.

१८ मार्च, बुधवार
सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, समारंभाच्या तोंडावर हे कशाला उकरता. बोर्ड त्यांनी बाहेर छापायला टाकलाय. गटवार नावं, पहिला-दुसरा काही नाही. काटाही नवा येतोय, इलेक्ट्रॉनिक. माझी नऊ पानं ठेवून घेतली. त्यावर कप ठेवला.
दादालाही सांगितलं. वाटलं, नंबर गेला म्हणून चिडेल. चिडला नाही. मग म्हणाला, परतीच्या बसमध्ये टाचणी त्याच्या शेजारी बसून रडला होता. "आणि मी त्याला म्हटलं, पोट सांभाळता येत नाही तर खेळतोस कशाला." उठताना म्हणाला, "तू सांग. रविवारपर्यंत नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझा आवाज मोठा आहे."
ठरलं. रविवारी माइकवरून, सगळ्यांसमोर. चार मिनिटांचं भाषण. त्यात तरफेचं तत्त्व समजावून सांगायचं, म्हणजे लोकांना चूक किती सूक्ष्म होती ते कळेल.

२२ मार्च, रविवार
माइक सत्कारांनाच पुरला नाही.
जुना काटा कोपऱ्यात, खुर्च्यांच्या मागे ढकललेला. मी तिथेच उभा होतो. टाचणी शर्ट घेऊन आला, कागदी पिशवीत. तरफ सुचली नाही. पट्टी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "तुझे सातशे ग्राम यात होते. काट्यावर ही मी लावली होती."
त्याने माझं नाव वाचलं. उलटून मागची बाजू पाहिली. अंगठ्याने पुसली.
"म्हणजे झोपेतसुद्धा उठलो नव्हतो," तो म्हणाला.
मग खाली बसला, नेमका त्या चौथ्या स्टुलावर. स्टूल कलायला लागलं. दादा कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्याने पायाच्या पंज्याने स्टुलाचा पाय दाबून धरला आणि तसाच उभा राहिला, टाचणी उठेपर्यंत.
माफी मागायची राहिली. म्हणजे मागितली, पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या. पुन्हा मागितली.
जाताना टाचणीने पट्टी मागितली. कागदी मापं पंख्याने उडतात, त्यावर ठेवीन म्हणाला. सात ग्रामने कागद राहणार नाही हे मला ठाऊक आहे. बोललो नाही.
शर्ट घालून पाहिला. एका सुताचीही चूक नाही.

२४ मार्च, मंगळवार
क्लबने काटा घरी पाठवला. दारात मावत नाही, जिन्याखाली ठेवलाय. ही म्हणते, पाय आपटतो. वजनांनी पुन्हा तपासला. चाळीसला चाळीस. आता त्यावर उभं राहायला कोणी नाही.
सर्वकालीन श्रेष्ठ कोण, हे अनिर्णित. सूत्राची पानं क्लबातून आणायला जायचा कंटाळा आला.
दुपारी भंगारवाला आला होता. काट्याकडे बघून म्हणाला, लोखंडाचे आणि पितळेचे धरून दोन हजार शंभर. नाही म्हणालो.