चीज कापायची रीत

आबा, आज आपल्या घरी चीज आलं. तुम्ही म्हणाल, कुणाच्या घरी? आपल्याच, लोणावळ्यातल्या ह्या रेल्वेच्या दोन खोल्यांत, माझ्या लेकाच्या घरी. थोरल्या नातीला बघायला देहूरोडची मंडळी आली होती. मुलगा तिथल्या लष्कराच्या डेपोत कारकून आहे, उंच आहे, जरा लाजरा आहे, मला आवडला. त्यांनी पेढे आणले, नारळ आणला आणि वर एक पत्र्याचा डबा. म्हणाले, आमच्या कँटीनचा आहे, काहीतरी नवीन. सुनेनं डबा उघडला आणि आत बघते तर तोच लाल गोळा. तुमचाच. मी पुऱ्या तळत होते, झारा तसाच हातात राहिला आणि एक पुरी करपली.

लय खूश आहे मी आज, आणि लय दमले पण आहे. चार वाजलेत, पाहुणे गेलेत, घरातली सगळी जरा आडवी झालीत. मीही पडायला पाहिजे, गुडघे नुसते ठणकतायत. पण पडलं की तो लाल गोळाच डोळ्यांपुढं येतो, म्हणून नातीच्या वहीतला कागद फाडून घेतला. दुसरी शिकलेली मी, माझे काना-मात्रा बघून तुम्ही हसला असता. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं म्हणा.

तर सून तो गोळा घेऊन विळीवर बसली, बटाटा चिरायला बसावं तशी. मी म्हटलं, "अगं थांब, विळीवर न्हाई चिरायचं त्याला. सुरी आण, आणि पोळपाट धुऊन कोरडा करून आण." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी गोळा पोळपाटावर ठेवला, आधी मधोमध दोन अर्धुकं केली, मग खरबुजाच्या काढतो तशा फोडी, मध्यापासून कडेपर्यंत, म्हणजे प्रत्येकाला मऊ मधलंही मिळतं आणि सालीकडचंही. फोडी बशीत मांडल्या, साल बाहेरच्या अंगाला, सुरीची मूठ पाहुण्यांकडं. बिस्किटं वेगळ्या बशीत. नात म्हणाली, "आजी, तू हे कुठं शिकलीस गं? बोटीनं विलायतेला जाऊन आलीस का काय?" मी म्हटलं, "तुझ्या पणज्याकडनं." मुलाच्या आईनं विचारलं, "मावशी, ही लाल साल खायची का?" म्हटलं, "न्हाई, ती बशीच्या कडंला ठेवायची. मेण आहे ते." मुलानं घाबरून एकदम दोन फोडी उचलल्या तेव्हा मी त्याला म्हटलं, "एक-एक घ्या बाबा, पळून जात न्हाई ते." त्याचे कान लाल झाले, नात तोंडात पदर धरून हसली, आणि मला वाटतं सोयरीक तिथंच ठरली. सगळ्यांनी खाल्लं, आबा. त्या बाईंनी खाल्लं, सुनेनं खाल्लं. हे कुठलं, कुणी केलं, कुणाच्या हातचं, कुणीसुद्धा विचारलं नाही.

आणि मी आत येऊन रिकामी कढई उगाच घासत बसले.

वलवणची आपली भातखाचरं तलावाखाली गेली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आई तर मी रांगत होते तेव्हाच गेलेली. चुलता मजुरीला लागला आणि तुम्ही गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर टेबलावर वाढायच्या कामाला लागलात. भाऊकीनं सांगितलं, काम करा, पण तिथला घास तोंडात घालायचा नाही, पाणीसुद्धा नाही. तुम्ही कबूल केलंत. म्हणून तर रोज दुपारी मी चुलतीनं दिलेली भाकरी फडक्यात बांधून बंगल्यावर यायची, आणि तुम्ही मागच्या फणसाखाली बसून खायचात. त्या पांढऱ्या कोटात, मांडीवर फडकं अंथरून, कोटाला डाग पडू नये म्हणून मान लांब करून. मला अजून दिसतंय ते.

संध्याकाळी घरी आलात की मला सांगायचात. चीज सगळ्यात शेवटी येतं, गोडाच्याही नंतर. बर्फाच्या पेटीतनं ते घटकाभर आधी बाहेर काढून ठेवायचं, गार असलं की त्याला चव येत नाही. बशी घेऊन पाहुण्याच्या डाव्या बाजूनं जायचं. सुरीनं बिस्किटावर ठेवायचं, सुरी तोंडात घालायची नाही. फोडीचं टोक एकट्यानं कापून घ्यायचं नाही, ते सगळ्यांचं असतं. गुळाची ढेप पुढं घेऊन तुम्ही मला दाखवायचात, आणि एक जाडा साहेब टोकं-टोकंच खातो त्याची नक्कल करायचात. "साहेब झाला म्हनून काय झालं, रीत न्हाई मेल्याला," असं म्हणायचात आणि आपण दोघं हसायचो. मी एकदा विचारलं होतं, "आबा, पर ते लागतं कसं?" तुम्ही म्हणालात, "मला काय ठावं? मी वाढतो फकस्त."

मग एके दिवशी मी भाकरी घेऊन आले तर तुम्ही पुढं टेबलावर वाढत होतात. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आणि तिथं फळीवर तो गोळा. तुम्ही तो लाल असतो हे मला कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी मनात गुळासारखाच धरून बसले होते. मला वाटलं, साहेबाचा देव. शेंदूर फासलेला, आपल्या बांधावरच्या म्हसोबासारखा, नुसता जरा गोल. मी भाकरी खाली ठेवली आणि हात जोडले. मागं मडम येऊन उभी होती. ती हसली की रडली मला कळेना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं सुरी घेतली, त्या देवालाच कापलं, बशीत फोड ठेवली आणि माझ्यापुढं धरली. "लो, बेबी." मी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि खाल्लं. प्रसाद तो, मागं कसा सारायचा?

लाल साल मात्र मी फेकली नाही. हातात धरली की मऊ व्हायची. मी तिच्या टिकल्या केल्या, एक माझ्या कपाळाला, एक बाहुलीला. दोन दिवसांनी चुलतीनं ती टिकली नखानं काढली, वास घेतला. "हे कुटलं गं?" मी बाहुली पाठीमागं लपवली. तिच्या माहेरचा एक माणूस त्याच बंगल्यात माळी होता, तिला साल ओळखू आली. "ह्ये तर चिजाचं. कुनी खाल्लं?" माझं लगीन तेव्हा कार्ल्याच्या घरात ठरलेलं. चुलता दारात, शेजारची दोघं-तिघं दारात. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पाय धूत होतात, तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "म्या खाल्लं. सालीशी पोरगी खेळली."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

नंतर फणसाखाली तुम्ही मला रागावलात तेवढं एकदाच. मुस्काटात नाही मारलंत, मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणालात, "साल कशापायी घरी आनलीस? बशीच्या कडंला ठिवायची म्हनून शंबर येळा सांगितलं ना तुला?" खाल्ल्याबद्दल एक शब्द नाही. उलट म्हणालात, "बशी म्होरं धरल्यावर न्हाई म्हनायचं नसतं. तू तरी काय करनार व्हतीस." आणि भाकरी तुम्ही तशीच फडक्यात बांधून ठेवलीत.

भाऊकी बसली. नोकरी सोडा, शुद्ध व्हा, मग पंगतीला या, असं ठरलं. नोकरी सोडून खायचं काय? जमीन पाण्याखाली. तुम्ही सोडली नाहीत. मग तुमचं पान वेगळं झालं. दुसऱ्यांच्या लग्नात, बारशात, दहाव्याला, गोठ्याच्या अंगाला एकट्याचं पान. आणि माझं लगीन मोडू नये म्हणून माझं कन्यादान चुलत्यानं केलं. तुम्ही मांडवाच्या बाहेर, वेशीकडच्या मेढीला धरून उभे होतात. अंतरपाटाच्या फटीतनं मला तुमचा फेटा दिसत होता, तोंड नाही. माझी सासू म्हणाली, "बाप बाटलेला, पर पोर गुनाची दिसती." मी खाली मान घालून ऐकलं. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तुम्ही आत आला असता, आणि मी घरी बसले असते. मी बोलले नाही. पुढंही नाही. ज्याच्याबरोबर सत्तावीस वर्षं संसार केला त्यालाही सांगितलं नाही.

थोरला झाला तेव्हा मी बाळंतपणाला आलेली. चुलती पाण्याला गेली होती. तुम्ही दारात बसून बाळाला मांडीवर घेतलंत, आणि इकडंतिकडं बघून हळूच विचारलंत, "ए पोरी, ते चीज. कसं लागतं गं?" बारा वर्षं तुम्ही ते वाढत होतात आणि त्याच्यापायी उष्ट्यासारखे वेगळे बसत होतात, आणि चव मला विचारत होतात. मी म्हटलं, "काय न्हाई ओ आबा. साबनावानी." तुम्ही मान हलवलीत. "मंग बरं," म्हणालात, आणि बाळाच्या मुठीत बोट घातलंत. मला तेव्हा वाटलं, बरं केलं मी, म्हातारपणी कशाला हळहळ लावायची. तुम्ही गेल्यावर तसं वाटेनासं झालं.

आत कप वाजायला लागलेत, सून उठली वाटतं. आता चहा, मग भांडी, मग लेक ड्यूटीवरनं येईल, त्याला मुलगा कसा होता ते सगळं पहिल्यापासून सांगायचं. हा कागद कुठं टाकायचा, तुमचा पत्ता मला कोण सांगणार. पातळांच्या खाली ठेवते. माझं अक्षर घरात कुणाला लागत नाही, तेवढं एक बरं आहे.

पण एवढं लिहिते, आबा. ते साबणासारखं नव्हतं. दुधावरच्या सायीत मीठ पडावं तसं, जरासं, हलकं, लय छान लागलं मला. मडमेनं बशी पुढं धरली ती एकदाच. ती पाठ वळवून निघाली होती, तेव्हा मी तिचा झगा ओढला आणि दुसरी फोड मागून घेतली.