साक्षीदाराचं औषध

बाबा, तुमचं दुखणं किती वाढलंय हे मला तुमच्या तोंडून कधी कळलंच नाही, स्वयंपाकघरातून कळलं. वलगावच्या आपल्या घरात चूल आणि तुमची खाट यांच्यामध्ये एकच भिंत. आई भाकर थापता थापता मधेच थांबायची, हात पिठात तसाच, आणि तुमचं कण्हणं ओसरलं की पुन्हा थापायला लागायची. वांगी-कोथिंबिरीचे गठ्ठे खांद्यावर घेऊन अमरावतीच्या बाजारात जाणारे तुम्ही, कॅन्सर हाडात उतरल्यावर कूस बदलायलाही भीत होतात. मी तेव्हा अमरावतीत फार्मसी शिकत होते. साध्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. गावातल्याच काय, अमरावतीतल्याही एकाही मेडिकलवाल्याकडे ते नव्हतं. परवाना, नोंदी, तपासणी, नको ती कटकट, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून आणलं. येताना बसमध्ये मी पिशवी पोटाशी धरून बसले होते, चोरीचा माल नेत असल्यासारखी.

कशाच्या गोळ्या, असं तुम्ही विचारलंत. अफूपासून करतात, मी खरं ते सांगितलं. तुम्ही पुढे केलेला हात मागे घेतलात. "कोर्टात मी त्याच्या इरोधात उभा राह्यलो. आता तसलंच माह्या उशाशी ठेवू का?"

त्याच्या म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या तुमच्या दोस्ताच्या. तुरीच्या ओळींमध्ये त्याने गांज्याची चार झाडं लावली होती, स्वतःच्या चिलमीपुरती. पोलीस आले तेव्हा तुम्ही बांधावर होतात, म्हणून तुम्हालाच पंच केलं. कोर्टात तुम्ही दिसलं तेवढंच सांगितलंत, झाडं त्याच्याच वावरात होती. तो काही वर्षं आत गेला. त्याची बायको लेकरं घेऊन अचलपूरला माहेरी गेली, ती परत आलीच नाही. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, पण त्याच्या बांधावरून जाणं सोडलंत, आपल्या विहिरीवर लांबून वळसा घालून जायला लागलात. तो सुटून आल्यावरही दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं.

मी तुम्हाला समजावते आहे, परीक्षेतलं उत्तर म्हणावं तसं. बाबा, कायद्याने मनाई आहे ती परवानगीशिवाय जवळ बाळगायला. डॉक्टरने रोग्यासाठी लिहून दिलेलं औषध हा गुन्हा नाही. तुम्ही ऐकून घेता आणि म्हणता, "त्यालेही वाटलं असन, माहा काय गुन्हा आहे म्हणून." मग तोंड भिंतीकडे. त्यानंतरचे कित्येक दिवस तुम्ही उशीचा कोपरा दातात धरून काढलेत. दुधात कालवून देऊ, असं आई म्हणाली. पण तुम्हाला फसवून द्यायला आम्हा दोघींचाही हात धजला नाही.

मग एका दुपारी आई डोक्यावर पदर घेऊन उठली आणि इतक्या वर्षांनी त्याच्या दारात गेली. काय बोलली ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो आला. खाटेजवळ जमिनीवरच बसला. तुमचे हात काड्यांसारखे झाले होते, त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तुम्हीच आधी बोललात, "मी दिसलं तेच सांगतलं होतं."

"मालूम आहे मले," तो म्हणाला. माझ्याकडून त्याने गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद मागून घेतले आणि दोन्ही तुमच्या छातीवर ठेवले. "माह्याजवळ डाक्टरची चिठ्ठी नोहोती, तुह्याजवळ आहे. येवढाच फरक आहे, गड्या. घे आता."

पाणी त्यानेच पाजलं. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आतच तुमच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या आणि तुम्ही झोपलात. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पातळ वरण मागून घेतलंत. तो रोज दुपारी यायचा. तुम्ही दोघं कोबीवरच्या अळीबद्दल बोलायचात, कोर्टाबद्दल नाही. पण आठवडाही पुरा भरला नाही. तुमच्या तिरडीला पहिला खांदा त्याचा होता.

आता मी अकोल्याला एका दवाखान्यात औषधांच्या विभागात आहे. मधल्या काळात नियम जरा सोपे झाले, नोंदणी केलेल्या दवाखान्यांना हे औषध ठेवता येतं. लोकांची भीती मात्र तशीच आहे. कायदाही मला आता जास्त कळतो. वस्तू कुणाची हे तो नंतर बघतो, जाणूनबुजून कुणी जवळ ठेवली आणि कुणाच्या परवानगीने, हे आधी. किती सापडलं त्यावर शिक्षा कमी-जास्त होते, पण लावलेल्या झाडाला ती सवलत मिळत नाही. चार झाडांना इतकी वर्षं कशी, हे मला असं फार उशिरा उमगलं. मी रोग्यांच्या घरच्यांना सांगते, गोळ्यांसोबत चिठ्ठी ठेवा, दुसऱ्याला देऊ नका, उरल्या तर परत आणा. तरी ते घुटमळतात. मग मी म्हणते, आमच्या बाबांनी हेच घेतलं होतं. त्यांचे चेहरे जरा सैल होतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, बाबांना किती दिवस बरं वाटलं?

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून इथे लिहिते. मी त्यांना म्हणते, बरेच महिने.