एअरलाइनचा धूर आणि मी

५ मे, सोमवार
आजपासून कार्बन विभागाचा प्रमुख! सतरा वर्षं जाहिराती केल्या, आता पृथ्वीचं काम. महाव्यवस्थापक फांगसाहेब म्हणाले, "येन, काम सोपं आहे. आपल्या विमानांनी वर्षभरात किती धूर सोडला, त्याचा अहवाल ऑगस्टअखेर काढायचा. आकडा गोड दिसला पाहिजे."
संकल्प : रोज सायकलने ऑफिस. विमानांच्या धुरात पंचवीस टक्के कपात. शिवाय पोट कमी.
हाताखाली एकच बाई, लाय शू-चिन. अकरा वर्षं विमानांच्या इंधनाच्या पावत्या तपासतात. हसत नाहीत. त्यांनाही सुधारेन.

६ मे
सायकल नाही. आमच्या थाओयुआन शहरातला वारा समोरून येतो. जातानाही आणि येतानाही. टॅक्सी.

१४ मे, बुधवार
लायबाईंनी तक्ता दिला. एकूण धूर १,९१२. टनच असणार, दुसरं काय? मी उगाच घाबरलो होतो!
लगेच विमानातली मासिकं बंद केली. वजन घटलं, इंधन वाचलं. बाईंच्या हिशेबाने वर्षाला ४२ टन धूर कमी. म्हणजे दोन टक्क्यांच्या वर, तेही एका सहीत. असे बारा निर्णय घेतले की पंचवीस टक्के. उरलेला वेळ कशात घालवायचा, हाच प्रश्न.
बाई काहीतरी सांगायला आल्या होत्या. म्हटलं, आधी आनंद घ्या, मग सांगा.

६ जून
ताइतुंगच्या किनाऱ्यावर वृक्षारोपण. कल्पना माझी. खास विमानाने दीडशे माणसं नेली, तीनशे रोपं लावली, डब्यात पोर्क चॉप. फोटो उत्तम.
परतताना लायबाई म्हणाल्या, "साहेब, ही सगळी रोपं जगली आणि वाढली, तर आजच्या विमानाचा धूर शोषायला त्यांना सात वर्षं लागतील."
म्हणजे आठव्या वर्षापासून निव्वळ फायदा. बाईंना चांगलं दिसतच नाही.

९ जुलै, सायंकाळी ६
अहवाल तपासायला बाहेरच्या संस्थेचे काओ नावाचे गृहस्थ आले. चष्मा, जुनी बॅग, स्वतःचा डबा. मी मोठ्या आवाजात दोन टक्के सांगितले. त्यांनी तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'आकडे हजार टनांत'.
म्हणजे एकोणीस लाख टन. त्यातले मासिकांचे बेचाळीस.
आयटी विभागाला कडक पत्र लिहिलं. अक्षरं एवढी बारीक का?
लायबाईंना विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, "तुम्ही आनंद घ्यायला सांगितलात."

२८ जुलै
वादळ. सगळ्या शहराला सुट्टी. खिडकीशी बसून नूडल्स खाताना सुचलं : अडुसष्ट उड्डाणं रद्द, म्हणजे केवढी कपात! लगेच लायबाईंना फोन. 'स्वयंप्रेरित कपात' या नावाने टाकू म्हटलं.
"साहेब, वादळ यंदाचं आहे. अहवाल गेल्या वर्षाचा."
"मग मासिकं?"
"तीही यंदाचीच."
"झाडं?"
बाईंनी फोन ठेवला. वादळाने लाइन गेली असणार.

१३ ऑगस्ट, बुधवार
खचलो नाही. गेलं वर्ष बदलता येत नसेल, तर भागाकार बदलता येतो. एकूण धूर त्याआधीच्या वर्षापेक्षा अकरा टक्के वाढलाय. पण मालवाहू चार विमानं वगळली (भाड्याची आहेत, धूर मालकाचा) आणि उरलेल्याला आसनांनी आणि किलोमीटरनी भागलं, तर तीन टक्के घट! फांगसाहेबांनी पाठ थोपटली.
आकडे भरणाऱ्याची सही लागते. लायबाई नाही म्हणाल्या. "अकरा वर्षं सह्या करतेय. एकही खोटी नाही. या वयात नवीन सवय नको."
फांगसाहेब म्हणाले, बदली करा तिची. शिफारस मी लिहिली. नाइलाज. बाईंनाही हवापालट होईल.

२२ ऑगस्ट
काओ पुन्हा आले. मालवाहू विमानं कुठे गेली, विचारलं. मी भाड्याचं सांगितलं.
"येनसाहेब, भाड्याच्या घरात स्वयंपाक केला तर पोट घरमालकाचं भरतं का?"
त्यांनी प्रमाणपत्र द्यायचं नाकारलं. चार विमानं परत आली, अकरा टक्के परत आले. लायबाईंनी सही केली. त्यांची बदली मागे घेतली, आकडे दुसऱ्या कुणाला समजत नाहीत म्हणून.
पत्रकार परिषद मात्र मी घ्यायची. फांगसाहेबांचा माझ्यावर विश्वास आहे. ते स्वतः त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
खुर्च्या चाळीस, पत्रकार दोन. मी 'प्रति आसन-किलोमीटर' वाचत होतो. पुढची मुलगी म्हणाली, "सर, सोपं करून सांगा. धूर वाढला की कमी झाला?"
कागदात उत्तर शोधलं. सापडेना. मागच्या रांगेत लायबाई बसल्या होत्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.
"वाढला," मी म्हणालो.
"मग आता काय करणार?"
"ठाऊक नाही."
कसं तोंडून गेलं, कळत नाही. एसी फार होता.

३० ऑगस्ट
पेपरात माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'ठाऊक नाही'. फांगसाहेबांचा मेसेज : सोमवारपासून खानपान विभाग.
बायको पेपर वाचत म्हणाली, "चार महिन्यांत तुझं एवढंच बोलणं मला समजलं."

१ सप्टेंबर, सोमवार
फायली द्यायला गेलो. लायबाई माझ्या खुर्चीत. शिफारस मी लिहिली होती, हे त्यांना ठाऊक आहे. तरी चहा दिला.
माफी मागायची होती. नीट तयारीही केली होती. ऐन वेळी म्हणालो, "बाई, इंधनाची पावती वाचतात कशी?"
त्यांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितलं. तोक्योला गेलेलं एक विमान. आठ टन इंधन, जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जाऊन त्याचा पंचवीस टन धूर. एवढं समजायला मला वीस मिनिटं लागली.
"आलं का लक्षात?" बाईंनी विचारलं.
म्हटलं, आलं.
"ही आज सकाळची पहिली," त्या म्हणाल्या, आणि गठ्ठ्यातली दुसरी काढली.