‘रहम’ची चिठ्ठी

३ मार्च १९६१

चि. चिंगीस,
अ. आ. वि. वि.

आईचं पोट कसं आहे? मी इकडे आमच्या इंग्रजी-उर्दू कोशाच्या ‘कंपॅशन’मध्ये गळ्यापर्यंत बुडालोय. मुळाशी गेलं तर इंग्रजीत त्याचा अर्थ सोबत सोसणं. उर्दूत ‘हमदर्दी’ अगदी चपखल बसते, पण कोशाचे संपादक ‘रहम’वर अडून बसलेत. मी म्हटलं, साहेब, रहम करणारा वर उभा असतो, हमदर्द शेजारी बसतो. ते म्हणाले, वाद पुरे, लोक बोलतात तसं वाक्य आणा.

बाबा उर्दू शिकवायचे, त्यामुळे आपल्या घरात हे शब्द सर्रास असत. आई ‘रहम’ कधी म्हणते ते कळव. खरंखुरं वाक्य हवं. आम्ही ते पत्रातून कापूनच त्या शब्दाच्या चिठ्ठीवर डकवतो. शिवताना बोट सांभाळ, वेंधळे!

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, आता तरी आमच्यावर रहम कर आणि दोन दिवस घरी ये. घे तुझं वाक्य! आई हा शब्द काही म्हणत नाही. दार वाजलं की तू आलास का, एवढंच विचारते.

हमदर्द शेजारी बसतो म्हणे! तीन वर्षं तिच्या खाटेला शिलाई मशीन लावून मी बसलेय. तू पत्रातून बसतोस. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला जोखीम आहे, पण न करून भागणार नाही. आई म्हणते, त्याला एकदा बघू दे, मग खुशाल न्या. कागद संपला, मागे लिहिते.

ऑपरेशन चौदा तारखेला, सकाळी नऊला. तेराला काहीही करून पोच.

राग मानू नकोस, पण ये.
चिंगी

१२ मार्च

चि. चिंगीस,
अ. आ. वि. वि.

शाब्बास! पहिलंच वाक्य वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधी कात्री घेतली. संपादकांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. चिठ्ठी लगोलग छापखान्यात गेलीसुद्धा.

कापताना कागदाच्या मागच्या दोन ओळी गेल्या, तेवढ्या परत लिही. आणि ऑपरेशनची तारीख ठरली की आधी मला कळव. रजा टाकून येतोच. आईला सांग, लेक विसरलेला नाही.

असाच जीव लावत राहा.
तुझा दादा

१६ मार्च

दादा,

नमस्कार आज लिहवत नाही. तारीख त्या दोन ओळींतच होती. आई परवा टेबलावरच गेली.

तार मुद्दामच केली नाही. तेराला दिवसभर दाराशी बसून होते, तेव्हाच ठरवलं, हा आला नाही तर याला काही कळवायचं नाही. मेल्या, अख्खं पत्र वाचायलाही तुला सवड होऊ नये? मला तुझा संताप येतो. तिला मात्र शेवटपर्यंत आला नाही.

चौदाला सकाळी ती आत जायला तयार होईना. तो आला का, हेच चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, आलाय, बाहेर कागदांवर सह्या करतोय. जन्मात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलले. तिनं हातानं केस सारखे केले. मला म्हणाली, आधी त्याला काही खायला घाल, प्रवासातून आलाय. मग निमूट गेली.

आता सवडीनं ये.

चिंगी