तो कात, ती कात

२६ मे, सोमवार
लिहायचं लिहायचं म्हणत महिना गेला. वही आणली त्या दिवशी पहिल्या पानावर बदक काढलं, ते इतकं छान जमलं की पुढे लिहून बिघडवावंसं वाटेना. असो. आज लिहायलाच हवं — फ्राऊ लिननी मला ठेवलं! म्हणजे अजून ठेवलं नाही, काम करून दाखव म्हणाल्यात. इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्येच, ताईच्या घराजवळ, त्यांचं चिनी औषधांचं प्राक्सिस, म्हणजे दवाखाना आहे. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकात काहीतरी वाळलेलं. मी पुसायला जाते आणि हुंगत बसते.

सात जूनला त्यांचा फोरट्राग, म्हणजे भाषण. ते नीट झालं तर मला फेरट्राग, म्हणजे करार. (ही भाषा मुद्दाम करते असं!) करार झाला तर व्हिसा वाढेल. नाहीतर सप्टेंबरात परत चिपळूण, अर्धवट बी.कॉम. आणि काकांचं हार्डवेअरचं दुकान. नको नको नको.

२७ मे
भाषण जुन्या औषधांवर. सापाने टाकलेली कात भाजून, पूड करून द्यायचे म्हणे — खाजेवर, डोळ्यावर पडदा आला तर. साप कातडं नवं करतो, मग तुमचंही होईल — सरळ हिशेब! फ्राऊ लिन स्वतः कोणाला देत नाहीत. काचेत ठेवून दाखवणार होत्या, तर त्यांच्याकडच्या कातीचा चुरा झाला. "तुमच्याकडून मिळेल?" मी लगेच "जा, जा!" — म्हणजे हो, हो. आमच्या परसात ढीग पडतो म्हटलं. ढीग! मी आयुष्यात एकदाच पाहिलीय, बसच्या खिडकीतून. ती बहुतेक प्लास्टिकची पिशवी होती.

आईला मेसेज टाकला: कात हवाय औषधाला, ताईच्या शेजारचे सुधीरकाका इकडे परत येतायत, त्यांच्याबरोबर दे. तिचं उत्तर — "किती?"
किती! भरपूर, म्हटलं.

५ जून
डबा आला! सुधीरकाका देऊन गेले. चिकटपट्टीत नखशिखांत गुंडाळलेला. भावोजी चार हात लांब — पुस्तकात सापाचं चित्र आलं तरी पान उलटणारा माणूस. ताई म्हणाली, "अहो, आत साप नाहीये, नुसता त्याचा सदरा आहे." तरी डबा गॅलरीत गेला. मी उघडला नाही. फ्राऊ लिननीच उघडायचा, सगळ्यांसमोर, अशी माझीच कल्पना. काय नाट्य होईल!

७ जून, शनिवार
झालं नाट्य.

पहिल्या रांगेत हेर क्राउस नावाचे आजोबा, दर वाक्याला हात वर. डबा उघडला. आत तांबूस, काळपट खडे. विड्यातला कात!

मला त्या खणांपैकी एकात शिरावंसं वाटलं. फ्राऊ लिननी खडा हुंगला आणि शांतपणे म्हणाल्या, "अर-छा." हेही त्यांचं औषध निघालं! जखमेवर लावतात. मग त्यावरच बोलत राहिल्या. हेर क्राउसनी एक खडा जिभेवर ठेवून पाहिला, तोंड आक्रसलं, आणि त्याच तोंडाने विचारलं, मग सापाचं कातडं कुठे आहे? सगळे हसले. मीही हसले, रडण्याच्या जरा अलीकडे.

सगळे गेल्यावर फ्राऊ लिन म्हणाल्या, "मुक्ता, तू 'जा' फार पटकन म्हणतेस. औषधात नाव चुकून चालत नाही. महिनाअखेरीला पुन्हा भाषण आहे. कबूल केलंस ते आण. मग करार."

८ जून
आईला फोन केला तर ती माझ्यावरच उलटली. "'कात हवाय' लिहिलंस तू. मुद्दाम भट्टीवर जाऊन ताजा आणला. सापाची हवी होती तर 'हवीय' लिहायचंस."

तो कात, ती कात! डेर-डी-डास ही जर्मन लिंगं घोकता घोकता माझ्या मराठीचंच लिंग हरवलं. स्पृहाला — ताईची मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये — मुळीच नवल वाटलं नाही. "गेनाऊ, माऊ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, मावशी, आणि शब्द आर्टिकलसकटच पाठ करायचा असतो हे मला समजावून सांगितलं. वय वर्षं सात.

११ जून
प्राणिसंग्रहालय — नाही म्हणाले. साप पाळणाऱ्यांचा क्लब — उत्तरच नाही. बिचाऱ्या भावोजींनीसुद्धा ऑफिसात विचारून पाहिलं, घाम पुसत. आई म्हणते शोधते, पण आता तिकडून येणारं कोणी नाही. ताई आशिया शॉपमधून पानं आणून रोज विडा खाते. घरात तेवढी एकच खूश, लाल ओठांची.
चिपळूणच्या दुकानात मी खिळे मोजतेय असं स्वप्न पडलं.

१३ जून, शुक्रवार
आत्ता बेल वाजली. स्पृहा "श्लांग! श्लांग!" करत आली. श्लांग म्हणजे साप आणि रांगसुद्धा. मला वाटलं खाली आइस्क्रीमची गाडी आली, रांग लागली, धावले —

दारात हेर क्राउस! हातात काचेची पेटी, पेटीत नारिंगी साप. जिवंत! पत्ता फ्राऊ लिननी दिला म्हणे. "हिचे डोळे दुधाळ झालेत. आठवड्याभरात कात टाकेल. तोवर ठेवून घ्याल का?"

दार भावोजींनी उघडलं होतं. पांढरेफटक. सगळं जर्मन विसरून ते आपल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "जा."

"डांके," म्हणत हेर क्राउस आत आले.